मालकांच्या नावची तीनचाकी

गेवराईच्या तहसील कचेरीसमोर चटई टाकून मी लोकांचे अर्ज लिहीत असे. त्या वर्षांत माझ्याकडून सगळ्यात जास्त अर्ज लिहून घेतलेला माणूस कधीच वारलेला होता. बांधाच्या मोजणीचा अर्ज त्याच्या नावाने, पाणंद मोकळी करण्याचा त्याच्या नावाने, बैल चोरीला गेल्याची फिर्यादसुद्धा त्याच्याच नावाने. मजकूर सांगायला येत त्या त्याच्या पत्नी. सगळा मुलूख त्यांना आक्का म्हणे. डोक्यावरून पदर घेऊन त्या चटईच्या कडेला उन्हातच बसत आणि मी दौतीत बोरू बुडवला की म्हणत, "लिव्हा मुनशी. मालकांचं म्हननं असं हाय..."

पहिल्यांदा मी नवखा होतो. मी विचारलं, "मालक स्वतः आले तर सही..." शेजारच्या चटईवरच्या म्हाताऱ्या अर्जनवीसाने मला असा चिमटा काढला की माझा बोरू कागदावर फरकटला. आक्का शांतपणे म्हणाल्या, "मालक कामात हायत. आंगठा मी देते."

मालक म्हणजे गोदाकाठच्या एका गावचे थोरले देशमुख. साथीच्या तापात दोन दिवसांत गेले. मूलबाळ नव्हतं. आक्का तेव्हा पंचविशी-तिशीतल्या. धाकटे दीर बापूराव यांनी तेराव्याचं जेवण उरकताच सांगितलं, "वैनी, तुमी आता देवाचं बघा. रानाचं मी बघतो." भावाभावांची वाटणी हयातीतच झालेली होती, पण तोंडी. कागद नव्हता. आमच्या मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, तोंडी वाटणीचा कायदा एकच: जो कसतो त्याचं रान.

आणि कसायचं म्हटलं की सालगडी आले. गड्यांचं साल पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच सुरू होतं. त्या सकाळी मालकाने बांधावर यायचं आणि गड्याच्या हातावर विडा ठेवायचा. पान, सुपारी, वर खोबऱ्याचा तुकडा. गड्याने विडा घेतला की तो वर्षभर त्या घरचा. त्याला ना कागद लागे ना साक्षीदार. पण वर्षाचा पहिला विडा विधवेच्या हातून कोण घेणार? बापूराव त्याच भरवशावर होते. त्यांनी आपलं ताट तयार ठेवलं होतं.

पहिल्या पाडव्याला आक्का घोडीवरून बांधावर गेल्या आणि म्हणाल्या, "मालकांनी इडा धाडलाय."

गडी एकमेकांकडे बघू लागले. त्यांच्यातला थोरला सटवा. मालकांच्या तिरडीला त्याने चार महिन्यांपूर्वी खांदा दिला होता. त्याने नाक पुसलं, हात पुढे केला आणि विचारलं, "मालकांचं सांगनं काय हाय आक्का?"

"आवंदा वरल्या रानात करडी घ्या म्हंत्यात."

झालं. तेव्हापासून ते चालत आलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. कुणी याला खोटेपणा म्हणेल. मला तो कधीच खोटेपणा वाटला नाही. बाई उभी राहू शकेल एवढी जागा त्या माणसांनी रीत न मोडता करून दिली होती, एवढंच.

आक्का दिसायला काही भव्य नव्हत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पुढचा एक दात किंचित बाहेर. पण त्या वाटेने येऊ लागल्या की चावडीवर पाय पसरून बसलेली माणसं पाय जवळ घेत. देशमुखांच्या घरचा गोषा त्यांनी पहिल्याच वर्षी सोडला. कुणी टोकलं तेव्हा म्हणाल्या, "गोशात बसून लोनचं मुरतं, जवारी पिकत न्हाई." भाकरी उभ्यानेच खात. माणसाची पारख करायची तर त्याला बैलाला पाणी पाजायला सांगत आणि नुसतं बघत राहत. रागावल्या की आवाज चढण्याऐवजी खाली जाई, आणि मग ऐकणाऱ्याला पुढे वाकून शिव्या ऐकाव्या लागत. असा अपमान मी दुसऱ्या कुणाच्या हातून होताना पाहिला नाही.

एकदा जमिनीची पाहणी करायला नवा गिरदावर आला. त्याचे कान बापूरावांनी भरले असावेत, कारण आल्या आल्या तो म्हणाला, मला मालकांनाच भेटायचंय. आक्कांनी त्याला ओसरीवर बसवलं. "मालक पूजेला बसलेत." ताक आलं. "पूजा लांबली." लाडू आले. "आता पोथी लावलीया." पुन्हा ताक आलं. ऊन कलेपर्यंत तो गृहस्थ इतकं ताक प्याला की शेवटी घाईघाईने कागदावर मालक हजर असल्याचा शेरा मारून तो पडवीमागे पळाला. ही हकिगत आक्कांनी स्वतःच मला सांगितली आणि वर म्हणाल्या, "पोथी खरंच लावली व्हती मुनशी. म्या लबाड बोलत न्हाई."

हे सगळं चाललं होतं त्यांच्या घोडीच्या जिवावर. रानं तीन ठिकाणी. एक नदीच्या मळईत, एक गावाशेजारी, आणि सगळ्यात मोठं दूर वरच्या माळाला. मालकीण दिवसाआड दिसली नाही तर सुगीतलं धान्य कुठल्या वाटेने जाईल याचा नेम नाही. आणि एका उन्हाळ्यात घोडी सापाला बुजली आणि आक्का खुब्यावर पडल्या. हाडवैद्याने पाला बांधला, हाड जुळलं, पण वाकडं. घोड्यावर मांड बसेना. बैलगाडीत वरच्या माळाला जाऊन आल्या की तीन-तीन दिवस अंथरुणात. बापूरावांनी मोठ्या मायेने मेणा देऊ केला, चार भोई देऊ केले. भोई अर्थातच त्यांचे, वाटही त्यांचीच.

आक्का म्हणाल्या, "चौघांच्या खांद्यावर मी येकदाच जानार हाय. त्याची घाई न्हाई."

मग कुठून तरी त्यांच्या कानावर आलं की इंग्रजी मुलखात, नगरच्या छावणीत, लढाईत पाय गेलेल्या एका गोऱ्या साहेबासाठी मिस्त्रीने फटफटीला तीन चाकं केली होती. मागचं चाक काढून तिथे आडवा आख घातलेला, त्याला दोन चाकं, वर टांग्यासारखी गादीची बैठक, आणि पायाने दाबायचं ते सगळं हाताशी आणलेलं. साहेब विलायतेला गेला आणि गाडी मिस्त्रीकडे विकायला पडली. आक्कांनी माहेरच्या पाटल्या मोडल्या आणि कारभारी दिगंबरपंतांना बैलगाडी घेऊन नगरला पाठवलं.

पंत अत्यंत सरळ माणूस. मालकांच्या वेळेपासूनचे. नगरला मिस्त्रीने विकल्याची चिठ्ठी लिहायला घेतली आणि विचारलं, घेणाऱ्याचं नाव? पंतांनी इतकी वर्षं बैल घेतले, नांगर घेतले, मोटेची कातडी घेतली, ती सगळी ज्या नावाने घेतली तेच नाव तोंडातून आलं. मालकांचं. त्यात काही चुकलं असं त्यांच्या मनातही आलं नाही. फटफटी चालवणारं कुणी नव्हतं म्हणून ती बैलगाडीवर चढवली, दोरांनी बांधली, वर गोणपाट टाकलं. ती चालवणं शिकवायला मिस्त्रीने आपला एक माणूस दिला. सरहद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरली. नाकेदाराने चिठ्ठीवरचं नाव दाखल्यावर उतरवलं आणि बजावलं, पाडव्याच्या आत गेवराई तहसीलीत नोंद करा, नाही तर गाडी सरकारजमा.

सुगी उरकलेली होती आणि खळं मोकळं होतं. आक्का तिथेच शिकल्या. मधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती, बैल फिरतात तशा त्या गोल गोल फिरत. सटवा आणि मंडळी ढकलून गाडी सुरू करून देत आणि मग जीव मुठीत धरून बाजूला होत. मिस्त्रीचा माणूस ओरडून सांगे, "अब सीधा लो!" पण खळ्यात सरळ जाणार कुठे? चार-सहा दिवस एकाच दिशेने फिरून हात असा वळणावर पडला की पहिल्यांदा रस्त्यावर आणली तेव्हा गाडी आपोआप डावीकडे वळली आणि मारुतीच्या पारावर चढली. आक्का खाली उतरल्या, मारुतीला हात जोडले आणि म्हणाल्या, "दर्शन घ्यायचंच व्हतं." दोन दिवसांनी त्या सरळ चालवू लागल्या.

मी ती गाडी प्रथम पाहिली ती नोंदीच्या दिवशी, कचेरीच्या आवारात. आधी आवाज आला. टांग्यांची घोडी उधळली, कचेरीतले शिपाई बाहेर धावले, आणि धुळीतून आक्का आल्या. पदर कमरेला खोचलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला, मागच्या बैठकीवर दिगंबरपंत डोळे मिटून रामरक्षा म्हणत बसलेले. मी आजवर तालुकदारांचा लवाजमा पाहिलाय, हैदराबादहून आलेल्या नवाबांच्या मोटारी पाहिल्यात. पण मी आपण होऊन उठून उभा राहिलो तो त्या दिवशीच.

"मुनशी, आत चला," आक्का म्हणाल्या. "तेंची बोली मला समजती, पर लिवायला तुमी लागता."

तहसीलदार साहेब हैदराबादचे, वयस्कर, अदबशीर. ते खुर्ची सोडून बाहेर आले, गाडीभोवती फिरले, चाकं मोजून पुन्हा मोजली आणि आत परतले. त्यांचा कारकून, पेशकार, कपाळाला हात लावून बसला होता. जिल्ह्याहून आलेल्या छापील तक्त्यात दोन चाकांचा रकाना होता आणि चार चाकांचा होता.

"हुजूर, तीन का खानाच नै," तो म्हणाला. "टांगे में लिखें तो जानवर कां है?"

आक्का म्हणाल्या, "मग कागदाला येक चाक लावा की."

साहेब मिशीत हसले. "हाशिये पे लिखो. तीन पहिया." समास उघडला गेला आणि आमच्या तालुक्यात तीन चाकांना सरकारी जागा मिळाली. मला वाटलं, संपलं. मी बोरू पुसूनसुद्धा ठेवला होता.

पेशकाराने मिस्त्रीची चिठ्ठी आणि नाक्याचा दाखला उचलला. मालकांचं नाव मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "इनको बुलाओ."

गेवराईचा जुना पेशकार असता तर त्याने चिठ्ठी खाली ठेवली असती, पण हा महिन्यापूर्वीच बदलून आलेला. त्याने पुन्हा विचारलं, "मालिक कां हैं?" तेव्हा दारातून बापूराव आत आले. पांढरा फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. वाट बघतच बसले असावेत.

"हुजूर," ते म्हणाले, "गाडी माझ्या थोरल्या भावाच्या नावाची हाय. ते आता न्हाईत. कुटुंब येकत्र, वाटनीचा कागद न्हाई. भावाच्या मागं जे हाय ते माझं. गाडी माझ्या नावावर चढवा. वैनींना लागंल तवा मी धाडीन."

कारभाऱ्यांच्या तेव्हा ध्यानात आलं, आपण नगरला काय करून बसलो ते. गाडी गेली की वरचा माळ गेला, आणि माळ एकदा बापूरावांच्या नांगराखाली आला की उरलेली रानं फार दिवस राहणार नव्हती. हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

साहेबांनी आक्कांकडे पाहिलं. "बाई, आप बोलो. चिठ्ठी लिखी तब आपके शोहर जिंदा थे?"

काय सोपा प्रश्न! 'नाही' म्हटलं की सुटला. मेलेला माणूस गाडी विकत घेत नाही, म्हणजे चिठ्ठीवरचं नाव चुकीचं. पाटल्या माहेरच्या, कारभारी त्यांनी धाडलेला, म्हणजे गाडी त्यांची. मी अर्ज लिहिणारा माणूस, मला ते लख्ख दिसत होतं. मी आक्कांच्या कानाशी लागलो, "आक्का, नाही म्हणा."

तेवढ्यात बापूराव अगदी हळू, जवळजवळ मायेने म्हणाले, "वैनी, सरकारात म्हनाल ते गावात पोचतंय. परवा पाडवा हाय. रांडमुंड बाईच्या हातचा इडा कोन घेईल?"

तेव्हा मला कळलं की प्रश्न सोपा नव्हता. मालक गेले असं आक्कांनी आजवर कुणासमोर उच्चारलं नव्हतं. ते उच्चारलं की गाडी त्यांची होणार होती आणि गडी जाणार होते. न उच्चारावं तर गडी राहणार होते आणि त्यांच्यापर्यंत पोचायचं साधन जाणार होतं. बापूरावांनी दोन्हीकडून दोर आवळला होता.

आक्का खिडकीतून बाहेर बघत होत्या. मला वाटलं त्या गाडीकडे बघताहेत. पण गाडी त्या बाजूला नव्हती, तिकडे नुसतं लिंबाचं झाड होतं. मग त्या दुखऱ्या बाजूवर हात ठेवून उठल्या. आवाज खाली गेला, आणि साहेब, पेशकार, बापूराव, सगळे पुढे वाकले.

"मालक वारले," त्या म्हणाल्या. "साथीच्या सालात. त्याच्यामागं जे पेरलं ते मी पेरलं. बैल मी घेतले, सारा मी भरला. गाडी माज्या पाटल्यांची हाय. पंतांच्या तोंडी जुनं नाव आलं, त्यात तेंचा दोस न्हाई. ते नाव मीच तितं ठिवलं व्हतं. आता काढा."

साहेबांनी बापूरावांना विचारलं, भाऊ साथीच्या सालातच वारले ना? हो म्हणण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. तेराव्याला त्यांनीच गाव जेवू घातलं होतं. पंतांनी रडत रडत जबानी दिली, ती मी लिहिली. साहेबांनी चिठ्ठीवर शेरा मारला की नाव चुकीने पडलं आहे, खरेदीदार ही बाई. तक्त्यात मालकाच्या जागी आक्कांचं नाव चढलं. चंद्रभागाबाई. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदाच ऐकलं. पुढे 'जौजे', म्हणजे अमक्याची बायको, असं लिहून पेशकाराने नवऱ्याचं नाव विचारलं. तेव्हा मात्र आक्कांनी पदर ओढला आणि म्हणाल्या, "ते मुनशी सांगतील." एवढं सगळं केलेल्या बाईने नवऱ्याचं नाव त्या दिवशीही घेतलं नाही.

पाडव्याला मला राहवलं नाही. भल्या पहाटे टांगा करून मी त्यांच्या वरच्या माळाला गेलो. बापूराव माझ्याही आधी आलेले. बांधावर पाट, त्यावर परात, परातीत विड्यांची रास, सोबत पाच-सहा माणसं. गडी विहिरीच्या अंगाला उभे होते. कचेरीतली बातमी अर्थातच आधीच पोचली होती. बापूरावांनी एकदा परात पुढे केली, पण कुणी हात पुढे केला नाही. मागेही सरलं नाही कुणी. सटवा जमिनीकडे बघत म्हणाला, "जरा ऊन वर येऊ द्या बापूसायेब."

मग खालच्या वाटेने फटफट ऐकू आली.

आक्का एकट्याच आल्या. मागच्या बैठकीवर पंतांऐवजी विड्यांचं ताट होतं, फडक्यात बांधून ठेवलेलं. नेहमीसारख्या उतरल्या, ताट घेतलं आणि लंगडत गड्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या. बापूरावांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

सटवाने दरसालचंच विचारलं. घसा खाकरून, मोठ्याने, जणू मधे काहीच घडलं नव्हतं. "मालकांचं सांगनं काय हाय आक्का?"

त्याने वाट करून दिली होती. कचेरीतलं कचेरीत राहू द्या, इथे जुनंच चालवू, असं त्याला म्हणायचं होतं. आक्कांनी नुसतं करडी किंवा जवस म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा आक्का, म्हणा.

"मालक न्हाईत सटवा," आक्का म्हणाल्या. "वारले. आता इडा माजाच हाय. घ्यायचा तर घ्या. न्हाई तर तितं परात हाय, मी राग धरनार न्हाई."

वारा पडला होता. बापूरावांच्या तोंडावर हसू आलं आणि त्यांनी परात उचलायला माणसाला खूण केली.

सटवाने डोक्याचं मुंडासं सोडलं. ते बांधावर ठेवलं, खाली पायताण काढून ठेवलं आणि काही न बोलता विहिरीकडे चालू लागला. मला वाटलं, गेला. थोरला गेला की बाकीचे जाणारच. आणि ते गेलेच, एकामागून एक, मुंडाशी काढून. विहिरीकाठच्या थारोळ्यात मोटेचं पाणी साचलेलं होतं. सटवाने त्यात घागर बुडवली आणि कपड्यांनिशी डोक्यावर ओतली. मग दुसऱ्याने. मग तिसऱ्याने. मयताची बातमी कानावर आली की आमच्याकडे माणूस उभ्या जागी डोक्यावरून पाणी घेतो. गेलेल्याला आपला मानणारा माणूस तेवढं करतोच, सण असो, काही असो. ज्याला त्यांनी स्वतः खांद्यावरून नेलं होतं, त्याचं स्नान ती माणसं इतक्या वर्षांनी आज करत होती.

आक्का ताट धरून तिथेच उभ्या होत्या.

सटवा परत आला. केसांतून, दाढीतून पाणी गळत होतं. ओला हात त्याने धोतराला पुसायचा प्रयत्न केला, पण धोतरही ओलंच होतं. मग तो तसाच त्याने पुढे केला.

"आंगूळ झाली आक्का," तो म्हणाला. "द्या आता तुमचा इडा."